चौदाव्या पानावरचा सदरा

बाई,

तुमच्याबद्दल दोन पानं लिहून दे, असा शाळेतून निरोप आला. जन्म कधी, शिक्षण कुठे, नोकरी किती वर्षं, हे ऑफिसातून कुणीतरी लिहीलच. मला ते नीट माहीतही नाही. तुमचं माहेर साताऱ्याकडचं, तुम्हाला चहात साखर कमी लागायची, आणि फळ्यावर लिहिताना तुमची ओळ उजवीकडे खाली खाली उतरत जायची, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. एवढ्यावर दोन पानं होत नाहीत. म्हणून तुमच्याबद्दल लिहायचं सोडून तुम्हालाच लिहिते आहे. मला असं लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

दुसरं कारणही आहे. नववीत आमच्या वर्गाने केलेलं मिठागराचं चित्रपुस्तक शाळा आता तुमच्या आठवणीसाठी छापते आहे. बाकीची सगळी पानं छापखान्यात गेली. चौदावं पान माझ्याकडे आहे, आणि ते शनिवारी द्यायचं आहे. त्या पानावर माझे आजोबा आहेत, उघडे, लंगोटीवर. चित्रात त्यांच्या अंगात सदरा घालायचा की नाही, यावर आपण दोघी पाच-सहा वर्षं भांडलो. भांडण मिटायच्या आत तुम्ही गेलात. आता पान माझ्यासमोर आहे आणि बोलायला कुणी नाही.

हे शाळेतली आताची मुलंही वाचतील, म्हणून नववीपासून सांगते.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही इतिहासाच्या तासाला एक कापडी पिशवी घेऊन आलात. पिशवीतून पंधरा-वीस चित्रांची पुस्तकं निघाली. पानभर चित्रं, खाली दोन ओळी, ढेरपोटे सरदार, डोळे फिरवणारे घोडे. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुणाला मिसरूड फुटलेलं, कुणी घरी चार माणसांचा स्वयंपाक करून आलेली. नवीन पनवेलचा ओंकार, ज्याला गप्प बसणं जमायचंच नाही, तो उठून म्हणाला, "बाई, पहिलीचा वर्ग खाली आहे."

"माहीत आहे. तिथूनच आणली," तुम्ही म्हणालात. "त्यांना समजली नाहीत म्हणून तुमच्यासाठी सोडली त्यांनी."

ओंकार खाली बसला. बसताना हसत होता.

त्या दिवशीचं पुस्तक मला अजून पान न् पान आठवतं. फौज कूच करते, आणि तिच्या मागून एक आचारी तवा पाठीला बांधून धावतो. भाकऱ्या हत्ती पळवतो. एक सरदार पिठाच्या राशीत पडतो, पांढराफटक होऊन उठतो, आणि समोरचे शिपाई भूत समजून पळतात. आम्ही हसून हसून बाकं हलवली. मग तुम्ही वहीचं पान मधोमध दुमडायला सांगितलंत. डावीकडे लिहायचं, आपण कशाला हसलो. उजवीकडे लिहायचं, त्यातलं खरं काय असेल. उजवी बाजू मनाने भरायची नाही, कुणाला तरी विचारून किंवा कुठेतरी वाचूनच भरायची.

मी डावीकडे लिहिलं, सरदार पिठात पडला.

"एवढं पीठ आलं कुठून?" तुम्ही विचारलंत.

"चक्कीवरून," मागून कुणीतरी म्हणालं.

"चक्की होती तेव्हा?"

"जात्यावर दळलं असेल."

"कुणी?"

"बायकांनी."

"फौजेबरोबर होत्या एवढ्या बायका?"

"नाही बाई. वाटेतल्या गावातल्या असतील."

"बरं. मग त्या दिवशी त्या गावाने काय खाल्लं?"

पाठ्यपुस्तकात फौजा जायच्या यायच्या, पण त्या कुणाचं तरी पीठ खाऊन जात असतील, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आमच्या घरात माणसं किती आणि पीठ किती याचा अंदाज मला रोज घ्यावा लागायचा. पहिल्यांदा वाटलं की या विषयातलं काहीतरी मला आधीपासून येतं.

तरी मी वर्गात बोलत नसे. गावातून येणाऱ्या आम्ही सहाजणी होतो. तोंड उघडलं की 'नाय' आणि 'हाय' बाहेर पडायचं आणि पुढच्या बाकांवर खसखस पिकायची. म्हणून आम्ही मान हलवून काम भागवायचो.

मग तुम्ही स्वतः काढलेलं एक चित्र घेऊन आलात. नमुना म्हणून. मिठागर, मिठाच्या पांढऱ्या राशी, एक जाडा साहेब छत्री धरून उभा, आणि वरून धो धो पाऊस. वर्ग साहेबाच्या पोटाला हसत होता. मी पावसाकडे बघत होते. मला राहवेना.

"बाई, पावसात मीठ नाय हो पिकत! समदं इरघळून जाईल!"

सगळा वर्ग हसला, आणि यावेळी मला हसला. तुम्ही चित्र खाली ठेवलंत. मग म्हणालात, "मला खरंच माहीत नव्हतं. मी देशावरची. आम्ही मीठ पुडीत बघितलं." आणि खडू माझ्यापुढे धरलात. "ये. कधी पिकतं ते लिही."

मी फळ्यावर लिहिलं. दिवाळीनंतर वाफे साफ करायचे, तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, मग खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हं तापली की मीठ धरतं, पावसाच्या आधी राशी झाकायच्या. पूर्ण तास मी बोलत होते. ओंकारने मधे हात वर करून विचारलं, "पाय चिरत नाहीत का?" चेष्टेने नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिथून ते पुस्तक सुरू झालं. आमच्या गावचं मिठागर तोवर बंद पडलं होतं, तिथे आता कंटेनर उभे असतात. पण त्यात काम केलेली माणसं घरोघर होती. तुमची अट एकच. पुस्तक हसवणारं हवं, आणि हसवणारी गोष्ट त्या माणसांनीच सांगितलेली हवी, आपण बनवलेली नको.

माझ्या आजोबांकडे गोष्टींना तोटा नव्हता. त्यांनी मला बुटांच्या साहेबाची सांगितली. मोजणीला एक साहेब आला. वाफ्याचा तळ तुडवायचं काम चालू, सगळा चिखल ओला. आजोबा म्हणाले, "सायब, बूट काडा, नायतर बांधावरनं जा." साहेब बूट घालूनच वाफ्यात उतरला आणि पोटरीपर्यंत रुतला. ओढावं तर तळ फाटतो, न ओढावं तर साहेब संध्याकाळपर्यंत तिथेच. शेवटी आजोबांनी त्याला पाठुंगळीला घेतलं. साहेब वर आला, बूट खालीच राहिले.

मी ते चित्र चार दिवस काढलं. आजोबा लंगोटीवर, पाठीवर सुटातला साहेब लहान पोरासारखा गळ्याला मिठी मारून, पायात नुसते मोजे, आणि आजोबांच्या हातात चिखलातून काढलेला एक बूट. तुम्ही बघून इतक्या हसलात की खुर्चीत बसावं लागलं.

संमेलनाच्या दिवशी पुस्तकाची सगळी पानं हॉलमध्ये दोरीवर लावली. आजोबांना मी आग्रह करून बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, टोपी अशा वेषात आले. लग्नाला जातात तसे. मी त्यांचा हात धरून चौदाव्या पानापाशी नेलं, आणि त्याच वेळी पुढे उभ्या एका बाईंनी आपल्या मुलाला म्हटलं, "ए, तो लंगोटीवाला बघ, कसला आहे!" मुलगा हसला. त्याचे वडील हसले. मोबाइलवर फोटो काढला. आजोबा त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे होते. तो लंगोटीवाला हाच, हे त्यांना कसं कळणार?

मी घरी आजोबांना रोज तसंच बघत होते. मला ते कपडे वाटायचे. शहरातल्या हॉलमध्ये ते उघडेपण होतं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

एसटीची वाट बघताना आजोबा एवढंच म्हणाले, "पोरी, सायबाला सूट घातलास. मना सदरा तरी घालाचा व्हता."

म्हणताना ते हसले. म्हणूनच मला जास्त लागलं.

मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही रविवारी आमच्या घरी आलात, डझनभर केळी घेऊन. आजोबांनी तुम्हाला घरातली एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. तुम्ही म्हणालात, "आमचं चुकलं, माफ करा." ते म्हणाले, "छे, माफी कसली मास्तरीनबाय, पोरांचं चितार हाय." आणि मग दोघं मासळीच्या भावावर बोलत बसलात. चहा झाला. विषय संपला, असं आपण तिघांनीही ठरवून टाकलं.

तुम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा मी म्हटलं, "पान फाडून टाकते."

"फाडू नकोस."

"मग सदरा काढते त्यांच्या अंगात."

"सदरा घालून वाफ्यात कोण उतरायचं?"

"कुणी नाही."

"मग खोटं का काढायचं?"

"तुमच्या वडिलांना असं काढलं असतं का तुम्ही? सगळ्यांसमोर?"

मी असं बोलले, बाई. चौदा-पंधरा वर्षांची मी, आणि तुम्ही आमच्या दारात केळी घेऊन आलेल्या. तुम्ही रिक्षात बसलात. त्याबद्दल माफी मागायची माझी कायमची राहून गेली. दर वेळी वाटायचं, तुम्ही विसरला असाल, कशाला उकरून काढा.

तुम्ही विसरला नव्हता. बुधवारी वर्गात आलो तर भिंतीवर एक नवीन चित्र होतं. बनियनला तीन भोकं, अर्ध्या गालाला दाढीचा साबण, हातात डबा, आणि एक माणूस एसटीमागे धावतोय. एसटीतली कोंबडी खिडकीतून त्याच्याकडे बघतेय. वर्ग हसला. "हे आमचे दादा," तुम्ही म्हणालात. "माझे वडील. रोज असेच धावायचे." तुम्हीही हसलात, आणि मग पाठ फिरवून फळा पुसायला लागलात. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला. तरी पटलं नाही. तुमचे दादा तिथे नव्हते. इस्त्रीचा सदरा घालून त्यांना स्वतःकडे बघावं लागलं नव्हतं. हे तेव्हा मला म्हणता आलं नाही. पुढे अकरावीत म्हटलं. मग तुम्ही उत्तर दिलंत, मग मी बारावीत परत उकरलं, आणि असं ते चालत राहिलं. माझा निकाल, माझी फी सवलत, माझा चष्मा, सगळं बोलून झालं की तुम्ही विचारायचात, "काय, सदरा शिवून झाला का?"

बारावीनंतर इतिहास घेते म्हटल्यावर घरात कुणाला पटेना. बाबा द्रोणागिरीला गोदामात जातात, त्यांना वाटत होतं मी कॉमर्स करावं, तिथेच कुठेतरी कॉम्प्युटरवर बसावं. तुम्ही फॉर्म घेऊनच घरी आलात. बाबा म्हणाले, "बाई, इतिहास शिकून काय व्हनार हिचं?"

"काही नाही झालं तर माझ्यासारखी होईल," तुम्ही म्हणालात. "बघा बुवा, चालतंय का."

बाबांना 'नाही चालत' म्हणता येईना. त्यांनी सही केली. आमच्या घरातली कॉलेजच्या फॉर्मवरची ती पहिली सही. आज मी शेवटच्या वर्षाला आहे. तुमचे आभार मी एकदाही मानले नाहीत. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, एवढंच त्याचं कारण समजा.

शेवटची भेट तुमच्या घरी झाली. तुम्ही पलंगावर होतात, आवाज बारीक झालेला. मला बाहेर पाच मिनिटं थांबवलं. आत आले तर तुम्ही साडी नेसून, केस विंचरून बसला होतात, आणि त्या खटपटीने दमला होतात.

"सदरा घाल त्यांना," तुम्ही एकदम म्हणालात.

मला कळेना. "कुणाला?"

"आजोबांना. पुस्तक छापायचं म्हणताहेत शाळेत. सदरा घालूनच छापू." मग म्हणालात, "कुणी भेटायला आलं की मी आधी गाऊन बदलते. बदलवत नाही, तरी बदलते. तेव्हा कळलं मला त्यांचं."

आणि मी काय म्हटलं? मी कॉलेजात तीन वर्षं पुरावा, साधनं, असलं शिकून आलेली. मी म्हटलं, "नाही बाई. सदरा घालून वाफ्यात कुणी उतरत नव्हतं. खोटं होईल."

तुम्ही हसायला लागलात. हसताना खोकला आला, पाणी दिलं. "माझंच मला ऐकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

"पुढच्या रविवारी ये. मी हरलेले नाही अजून."

रविवार यायच्या आत गुरुवारी फोन आला.

पाच-सहा वर्षं भांडून आपण जागा बदलल्या, बाई. तुम्ही माझ्या बाजूला आलात आणि मी तुमच्या. मग आता ठरवायचं कुणी? पेन्सिल हातात घेऊन मी दोन दिवस बसले. सदरा काढला, खोडला. तुमचं शेवटचं ऐकावं, की तुम्ही पहिल्यापासून शिकवलेलं? आणि असं बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी लिहायची मला लाज वाटते. इतक्या वर्षांत आपण दोघींनी आजोबांना विचारलंच नाही. तुम्ही माफी मागितलीत, मी रडले, आपण वाद घातले. पण पान त्यांच्यापुढे ठेवून, काय करू, असं कुणीच म्हटलं नाही. उजवी बाजू विचारून भरायची म्हणणाऱ्या तुम्ही, आणि ते शिकलेली मी.

काल दुपारी पान घेऊन त्यांच्याकडे गेले. आजोबा आता फारसे उठत नाहीत. ओट्यावर ऊन खात बसले होते.

"आजोबा, यात तुम्हाला सदरा काढू का?"

"कंचा सदरा?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, शाळेत. सदरा तरी घालायचा होता."

"मी बोल्लो व्हतो?" त्यांनी पान लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. मग हसले. "नाय नाय. सदरा घालून वाफ्यात कोन उतरंल? येडा का खुळा?"

तुमचं पहिलंच म्हणणं खरं ठरलं, असं मला वाटलं. पण ते पुढे म्हणाले, "पन त्या दिशी मना लय वायट वाटला, पोरी. लोकं मना हसली."

"मग काय करू सांगा."

त्यांनी चित्रातल्या बांधावर बोट ठेवलं.

"सायब रुतला ना, तवा मना कोन हसला नाय. समदी सायबाला हसली. बांधावर दहा मानसं व्हती. तुजी आजी तर हसून हसून खाली बसली. ती कुटं हाय हितं? तू निसता मना काडलास नि सायबाला. मग बगनारा कोनाला हसंल? जो उगडा हाय त्यालाच."

बाई, मी तुमच्याकडे दोन वर्षं आणि कॉलेजात तीन वर्षं शिकले. हे मला दिसलं नव्हतं. तुम्हालाही दिसलं नव्हतं, आणि तुम्ही इथे असता तर मांडीवर हात मारून सगळ्यांना सांगत सुटला असतात.

सदऱ्याची जागा मी खोडून साफ केली. वर बांध थोडा रुंद केला. आजोबा एकेक नाव सांगत गेले आणि मी काढत गेले. आजी पदर तोंडात कोंबून खाली बसलेली. गोमा एका हाताने पोट धरून. बाळाराम, ज्याला हसताना आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. चांगुणा साहेबाकडे बोट दाखवणारी आणि तिची सासू ते बोट खाली ओढणारी. आजोबा नावं सांगता सांगता स्वतःच हसायला लागले, डोळे पुसायला लागले. माझ्या लहानपणी ही गोष्ट त्यांनी दहादा सांगितली असेल, पण बांधावरच्या माणसांची नावं मी कधी विचारली नव्हती. त्यातलं आता कुणीच नाही.

नऊ माणसं झाली. दहावी एक बाई होती, उरणकडून त्या वर्षीच कामाला आलेली. डोक्यावरची पाटी तशीच धरून ती हसत होती, एवढं आजोबांना आठवतं. नाव आठवत नाही. चेहराही नाही.

क्षणभर वाटलं, तिला तुमचा चेहरा द्यावा. पुस्तक तुमच्या आठवणीसाठीच आहे. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हात तिथपर्यंत गेला होता. पण तुम्ही त्या दिवशी त्या बांधावर नव्हता, आणि जी होती तिचं हसू मी दुसऱ्या कुणाला दिलेलं तुम्हाला चाललं नसतं.

म्हणून तिची पाटी काढली आहे, पाटी धरलेला हात काढला आहे, चेहरा कोरा ठेवला आहे. आजोबा सकाळपासून गावांची नावं घेत बसलेत, म्हणतात, गाव आठवलं की बाई आठवंल. छापखाना उद्या दहाला उघडतो. तोवर पान माझ्याकडेच आहे.